पनवतीला सोफ्यावर जागा

चाळीस वर्षांत ज्या माणसाने मला मॅचसमोर बसू दिलं नाही, त्याने शेजारची जागा थोपटून "ये, बस" म्हटलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या घरात मी पनवती. मी चहा घेऊन बाहेर आले की विकेट पडलीच म्हणून समजा. पुण्यात असताना शेवटच्या ओव्हर्स मी कायम स्वयंपाकघरात उभ्याने ऐकल्या. थट्टाच होती हो. पण थट्टाही अंगात मुरते. यांची अँजिओग्राफी झाली तेव्हा मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले होते. आत जाऊन कशाला उगाच विषाची परीक्षा? आता इथे ख्राइस्टचर्चला, मुलाच्या घरी, यांची बायपास ठरली होती. येत्या सोमवारी. मी आधीच जाहीर करून टाकलं, मी घरी बसून जप करीन, हॉस्पिटलात पाऊल टाकणार नाही. मुलगा चिडला.

आणि मग हे बेसबॉलचं खूळ सुरू झालं. अमेरिकेतली संध्याकाळची मॅच इथे दुपारी दिसते म्हणे. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाकडे ढुंकून न बघणारा हा माणूस, जेवण झालं की टीव्ही लावून मला हाक मारायचा. चेंडू थेट प्रेक्षकांत गेला की होमरन. आपली सिक्सरच, फक्त मारणारा ऐटीत चक्कर मारून येतो. रोज यांची टीम मागे असायची, आणि रोज शेवटी कुणीतरी होमरन ठोकायचा. "बघ, तू बसलीस आणि जिंकलो," म्हणत हे मला टाळी द्यायचे.

एवढा गोडवा कशासाठी? नक्की डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय, मी धसकाच घेतला. मुलगा आणि सून ओट्याशी बोलायला लागली की मी कान टवकारायची. विचारलं की सून म्हणायची, काही नाही आई, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत सगळं मस्त. त्याने संशय आणखी वाढायचा. जाणाऱ्या माणसाला बायकोचा असा पुळका येतो, मी पाहिलंय.

शुक्रवारी होमरन बसला आणि कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. लोकरी टोप्या, जाड जॅकेटं, तोंडातून वाफा. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, मी हीटरपाशी पाय घेऊन बसलेली. पण माझी बहीण तिकडे न्यू जर्सीला असते, आणि सकाळीच ती फोनवर उकाड्याच्या नावाने बोटं मोडत होती. मग या लोकांना थंडी कुठून वाजत होती?

"ही मॅच आजची नाही," मी म्हटलं.

यांनी रिमोट खाली ठेवला. सगळ्या जुन्याच, म्हणाले. मुलाकडून शोधून घेतलेल्या, शेवटच्या होमरनवर जिंकलेल्या तेवढ्याच. माझं डोकंच फिरलं. डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांगा, म्हटलं. डॉक्टर वेगळं काहीच म्हणाले नव्हते.

"सोमवारी तू पार्किंगमध्ये सुद्धा नसशील, घरी असशील," ते म्हणाले. "शुद्धीवर आलो की मला तू दिसायला हवीस. पनवती मीच केलं तुला. म्हटलं, मीच निस्तरावं."

लबाड माणूस! मला रागही आला आणि रडूही. डोळे पुसून मी म्हटलं, मग आता खरी लावा, चालू असलेली.

त्यांनी आढेवेढे घेतले, पण लावली. अर्ध्या बाह्यांची, घामाघूम माणसं. यांची टीम एका रनने मागे, शेवटचा बॅट्समन. सवयीने मी उठायला लागले, तर यांनी मनगट धरलं. त्याने बॅट फिरवली. चेंडू उंच गेला, खूप उंच, आणि कुंपणाला टेकलेल्या फिल्डरने अलगद झेलला.

माझी यांच्याकडे बघायची हिंमत होईना. मनगट अजून यांच्या हातातच होतं.

"हरलो," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी लवकर निघायचंय. तू आत यायचंस."

बरं, म्हटलं.