दोन ग्रॅमचा तास

शनिवारच्या सकाळच्या शाळेत माझ्या सातवीच्या वर्गाला मुलंच शिकवायची आणि मी बाकावर बसायचे. कुंडलजवळची ही शाळा गावानंच चालवलेली, त्यामुळे प्रत्येकाला मत होतं. "पगार बाईंचा आन राबत्यात पोरं," असं पारावर चाललेलं. शेवटी शाळा समितीचे म्हातारे अध्यक्ष, स्वतः द्राक्षबागायतदार, तास बघायला आले. पटलं नाही तर हे पुढच्या शनिवारपासून बंद, असं त्यांनी दारातच बजावलं. मला रागच आला.

त्या दिवशी पाळी एका अबोल मुलीची होती. तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता. द्राक्षाचे घड ज्या औषधाच्या पाण्यात बुडवतात, त्याचं प्रमाण हा विषय तिनंच निवडलेला. सुट्टीत ती आईबरोबर त्या कामाला जायची.

"हजार लिटर पाण्याला धा ग्रॅम पावडर," ती म्हणाली. "मग दोनशे लिटरच्या बॅरलला किती?"

अध्यक्षांसमोर हुशारी दाखवायचा मोह मला आवरला नाही. सगळ्यांच्या आधी हात वर करून मी ओरडले, "वीस!"

"न्हाई बाई. पाणी कमी झालं, मग पावडर वाढंल कशी? घडांचं वाटोळं हुईल."

वर्ग खदखदून हसला. माझी चांगलीच फजिती झाली होती, पण ही मुलगी चक्क मला चुकीचं ठरवत होती! मला तर उठून नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. आता संपलं, असं मला वाटलं. ते मात्र फळ्यापाशी गेले.

"पोरी, मी आजवर दुकानदार सांगंल तेवढीच टाकत आलो. कसं काढायचं, दाव बरं."

"तुमीच काढा, आबा." तिनं खडू त्यांच्या हातात दिला.

त्यांचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. "मोबाईल न्हाई!" अख्खा वर्ग ओरडला. त्यांनी पाच लिहिलं, पुसलं. चार लिहिलं, तेही पुसलं. घंटा झाली तरी ते हलेनात. मागच्या बाकावरून कुणीतरी उत्तर सांगायला तोंड उघडलं, तसे ते गर्रकन वळले.

"गप रं! सांगू नका कुणी. माझं मी काढतो."