दोघांच्या वजनाची स्प्रिंग

जालिंदरचा फोन रोज दुपारी, जेवणं उरकली की यायचा. त्या दिवशी तो जेवणाआधीच वाजला. मी शेळ्यांना पाणी दाखवून नुकताच ओट्यावर टेकलो होतो. पडद्यावर त्याचं नाव दिसलं आणि मी समोरच्याला तोंड उघडू न देताच सुरू केलं, "का रं, आज लवकर? वहिनींनी जेवायला घातलं न्हाई का? आन् आधी माझं ऐक. बशीरच्या बर्फातल्या गाडीला हवेचाच शॉकअप घ्यायला सांगायचा. सकाळपास्नं इचार करतूय मी." पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, गडी नेहमीसारखा माझं संपायची वाट बघतोय, म्हणून मी आणखी थोडं रेटलं. मग वहिनींचा आवाज आला. "भावजी... ह्यास्नी दवाखान्यात न्हेलं हुतं. काय उपेग झाला न्हाई. तुमी या."

एका दूधवाल्याच्या गाडीचा शॉकअप खोलता खोलता जालिंदरच्या छातीत कळ आली, आणि विट्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी दहिवडीत एसटी धरली. मायणी मागे पडल्यावर कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का?" मी बहुतेक मोठ्यानं बोलत होतो... हवेचा शॉकअपच कसा बरोबर, तेच पुन्हा. माती झाल्यावर लोक पांगले, तेव्हा जालिंदरच्या शेडच्या दारात तो दूधवाला अवघडून उभा दिसला. त्याची गाडी तशीच उघडी पडलेली, आणि अशा दिवशी ती मागायची कशी, हे त्याला कळेना. जालिंदरचेच पाने घेऊन मी ती बसवून दिली. माझे हात चालत होते, एवढंच आठवतं.

आम्ही दोघं लष्कराच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक. तो विट्याजवळचा, मी दस्तगीर मुलाणी, माणातला. काश्मीरात वर एका चौकीवर आमची गाठ पडली. तिथं आमच्या ताब्यात स्नो स्कूटर असायच्या. पुढं चाकांच्या जागी दोन लांब पट्ट्या, मागं रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, आणि मोटारसायकलसारखी सीट. बर्फावरून अशी पळते की बघत राहावं. आमच्या गावात पाणी टँकरनं यायचं, आणि इथं नजर जाईल तिथवर पाणीच पाणी गोठून पडलेलं. पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावर हात टाकून जालिंदर म्हणाला, "मुलाण्या, ह्ये सगळं माणात कसं न्ह्यायचं, तेवढं बघ की गड्या." पुढं कधीही मला घरची आठवण येऊन मी गप्प बसलो की तो हेच विचारायचा, "न्ह्यायचं ठरलं का मग?" आणि मला हसू यायचंच.

त्याची एक खोड होती. शॉकअप कोणाचाही असो, गाडी कुठलीही असो, तो हातात पाना घ्यायच्या आधी म्हणायचा, "बस." चालवणारा माणूस सीटवर बसला की सीट किती दबते, ते तो बाजूला उकिडवं बसून बघायचा आणि लाल ऑइलपेंटनं रेघ मारायचा. माणूस बसल्याबिगर स्प्रिंग निवडायचीच नाही. "स्प्रिंग गाडीची नसती, माणसाची असती," हे त्याचं पालुपद. मी वैतागून म्हणायचो, "आरं, कंपनीनं आकडा दिलाय की." तो ढिम्म. एकदा एका साहेबालाही त्यानं बर्फात तीनतीनदा उठबस करायला लावली होती आणि साहेबही बिचारा करत राहिला.

एका हिवाळ्यात आमच्यातला एक जवान वर आजारी पडला. वारं असं होतं की हेलिकॉप्टर येईना. जालिंदरनं स्कूटर काढली, मध्ये जवान, मागं त्याला धरून मी. बशीर नावाचा तिथलाच एक पोर्टर काठीनं बर्फ चाचपत पुढं चालला होता. गाडीची स्प्रिंग एका माणसाच्या वजनाची. तिघांच्या भारानं ती पार बसली, आणि प्रत्येक उंचवट्याला शॉकअप तळाला जाऊन लोखंडावर लोखंड आपटायचं. दर आपटण्याला तो जवान कण्हायचा. सगळी उतरण आम्ही ते ऐकत खाली आलो. पोरगा वाचला, पुढं त्याच्या लग्नाची पत्रिकाही आली. पण ते कण्हणं जालिंदरच्या कानातून गेलं नाही. तो नंतर कुठलीही स्प्रिंग हातात घेतली की आधी ती भरल्या गाडीखाली किती बसेल, तेच बघायचा.

निवृत्तीनंतर त्यानं विट्याबाहेर रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकलं आणि शॉकअपचंच काम धरलं. गिऱ्हाईक बहुतेक दूधवाले. वाड्यावस्त्यांवर जाताना कॅन मोकळे, येताना काठोकाठ भरलेले. पोरं म्हणायची, काका, जरा मऊ करून द्या, जाताना कंबर मोडते. जालिंदर म्हणायचा, "मोडू दे. येताना दूध सांडता कामा न्हाई." भरल्या कॅनांसकट बसवून बघितल्याशिवाय गाडी सोडायचा नाही. पोरं शिव्या घालत जायची आणि पुढच्या वेळी त्याच्याकडंच यायची.

मी इकडं माणात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मुंबईला. घरात मी, दोन शेळ्या आणि टीव्ही. शेळ्यांशी बोलतो मी, खोटं कशाला सांगू, पण त्या उलट बोलत नाहीत. उलट बोलणारा एकच होता, तो रोज दुपारी फोनवर यायचा. बोलायला विषय काय, तर काही नाही. ऊन किती, पेन्शन जमा झाली का, गुडघा कसा आहे. कधीकधी दोघांनाही काही सुचायचं नाही, मग तो म्हणायचा, "बरं, ठिवतू," आणि ठेवायचा नाही. त्याच्या शेडमधल्या हातोड्याचा आवाज येत राहायचा. मी कान लावून तो ऐकत बसायचो.

होळीच्या सुमाराला जालिंदरला बशीरचा फोन आला आणि आमच्या दुपारी भरून गेल्या. बशीर आता म्हातारा झालाय. त्यानं एका हॉटेलवाल्याकडून जुनी स्नो स्कूटर घेतलेली आहे. हिवाळ्यात वरच्या वस्त्यांचा रस्ता बंद पडला की तो एकटा वर जातो आणि आजारी माणसं, अडलेल्या बाया मागं बसवून खालच्या दवाखान्यात आणतो. दुसरं कोणी ती चालवत नाही. गाडीचे मागचे शॉकअप गेले होते, शिवाय बशीरची कंबरही गेली होती. त्याच्या डॉक्टरनं सांगितलेलं, असे हादरे आणखी बसले तर गाडी सोडावी लागेल. बशीरनं विचारलं, "उस्ताद, अब कौनसा डालूं?" झालं. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं.

मी म्हणालो, एकट्याच्या वजनाची मऊ स्प्रिंग घेऊ दे, बशीरची कंबर राहिली तर गाडी राहील. जालिंदर म्हणाला, दोघांच्या वजनाची, नाहीतर मागची बाई कण्हत खाली येईल. मग मी मधला मार्ग काढला, हवेचा शॉकअप. वजनाला हलका, वर जाताना हवा कमी ठेवायची, येताना छोट्या पंपानं भरायची. जालिंदर उसळला. "आन् पंप मारणार कोण? बाईला बर्फात झोपवून, हातमोजं काढून? थंडीत सील आकसून हवा गेली तर तू जाणार हायस का भरायला? तिथं साधी लोखंडी स्प्रिंगच पायजे." मी म्हणालो, लोखंडी जड असते, भुसभुशीत बर्फात गाडी रुतेल. तो म्हणाला, मग तू जेवण कमी कर. याला काही अर्थ होता का? पण दुसऱ्या दिवशी मी त्यावरही उत्तर तयार ठेवलं होतं.

बशीरला समोर बसवता येत नव्हतं, म्हणून जालिंदर बेचैन होता. त्यानं शेडमध्ये एक बाकडंच केलं. खाली जीपचे जुने शॉकअप आणि जाड स्प्रिंगा, वर फळी आणि फळीवर मोटारसायकलची लांब सीट. फळी किती दबते ते मोजायला शेजारी एक उभी लोखंडी पट्टी. मला विट्याला बोलावून घेतलं. पुढं मी म्हणजे बशीर, मागं तो म्हणजे पेशंट. स्प्रिंगा आवळत, ढिल्या करत फळी हवी तेवढी दबली, आणि रेघ मारायच्या वेळी गडी थबकला. "थांब. बशीर काय बनियनवर जातोय व्हय?" घरातून आमचे बर्फातले कोट आले, त्याचा आणि त्याच्याकडंच राहिलेला माझा, डांबरगोळ्यांच्या वासाचे. वैशाखाचं ऊन, वर पत्रा, आणि आम्ही दोघं म्हातारे कानापर्यंत कोट घालून बाकड्यावर एकामागं एक बसून वरखाली होतोय. रस्त्यावरची माणसं गाड्या थांबवून बघायला लागली. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "येड लागलंय दोघास्नी." जालिंदरनं घाम पुसत पट्टीवर लाल रेघ मारली आणि म्हणाला, "हाललास तर बघ." ते बाकडं मग तसंच राहिलं. मी गेलो की आम्ही त्याच्यावर शेजारी शेजारी बसून चहा प्यायचो आणि भांडायचो.

तो गेल्यावर बशीरला मीच कळवलं. बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. मग एक निरोप आला, त्याच्या आवाजात. शॉकअप दिल्लीहून मागवायचे होते, वरचं शिखर पांढरं झालं होतं. "भाईजान, उस्ताद ने आखिर में क्या बोला था?" मी उत्तर दिलं नाही. रोज दुपारी फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. मला भीती वाटत होती, हे खरं. उत्तर दिलं की भांडण मिटलं. भांडण उघडं होतं तोवर जालिंदरची बोलायची पाळी शिल्लक होती. पण बर्फ काही माझ्यासाठी थांबणार नव्हता, आणि तिकडं कोणीतरी बाई आताच दिवस भरत बसली असेल, हेही डोक्यातून जाईना.

दसरा झाल्यावर विट्याला गेलो. वहिनींनी शेडचं कुलूप काढून दिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी बाकड्यावर बसलो. ते दबेचना. जरा जोरात बसलो तर त्यानं मला उचलून आपटलं, पार मणक्यात कळ गेली. दोघांची स्प्रिंग एकट्याला काय करते, ते मला तेव्हा कळलं. मी तसाच बसून राहिलो... आता हीच स्प्रिंग बशीरला घ्यायला कसं सांगायचं?

वहिनी चहा घेऊन आल्या. मी त्यांना म्हणालो, वहिनी, जालिंदरचं शेवटचं म्हणणं काय होतं हो? त्या कप हातात देत म्हणाल्या, "आवं, त्ये तर लय आधीच ठरलं हुतं. दोघांचीच. मी इचारलं, मग त्या म्हाताऱ्याच्या कंबरंचं काय? तर म्हणाले, त्यानं मोकळं वर जायचंच न्हाई. दूधवाली काही पोरं आता जाताना पेंडीचं पोतं न्हेत्यात, तसं मागं रेशनचं पोतं बांधून जायाचं. स्प्रिंग दबती, कंबर ऱ्हाती, वरच्या माणसास्नी पीठबी मिळतंय." इतकं साधं! "मग मला का न्हाई सांगितलं त्यानं?" वहिनींनी पदर सारखा केला. "मीबी तेच म्हणलं. तर म्हणाले, बर्फ पडायला टाइम हाय अजून. आत्ताच सांगितलं तर मुलाण्या उद्या बोलंल काय?"

चहा हातातच राहिला. मग मी फोन काढला आणि बशीरला निरोप बोलून टाकला. दोन के वजन का स्प्रिंग ले, लोहेवाला. और ऊपर कभी अकेले मत जाना, पीछे राशन की बोरी बांधना. उस्ताद ने बोला है. पुन्हा न ऐकताच पाठवून दिला.

वहिनींचे गुडघे दुखत होते, म्हणून मी सरकून जागा केली. "बसा की वहिनी." या बाकड्यावर त्या कधी बसल्या नव्हत्या. बिचकत टेकल्या, तशी फळी कुरकुरत खाली गेली आणि मधेच थांबली. शेजारच्या पट्टीवरची लाल रेघ खाली दिसत होती. वहिनी वाकून ती बघत राहिल्या.

"रेघंपत्तुर का न्हाई जात वो?"

"कोट घातलं न्हाईत न्हवं, म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, आणि आम्ही चहा संपवला.