सरकार, गज आखूड हाये

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. अक्षय तृतीयेचा आदला दिवस, दुपारचा दीड. देऊळघाटच्या आमच्या घरी, मधल्या खोलीच्या खिडकीबाहेरून एक आवाज आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, थोडा घोगरा. शब्द असे होते : “सरकार, गज आखूड हाये. पोराले सांगजा.” मी खिडकीवरचं ओलं तरट बाजूला करून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. मी तेव्हा नागपूरच्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. भुताखेताच्या बातम्या टेबलावर आल्या की मी दोन प्रश्न लिहून परत पाठवत असे — कुणी पाहिलं? खात्री कुणी केली? या हकिकतीलाही तेच दोन प्रश्न लावले आहेत. उत्तरं जशी मिळाली तशी देतो.

मी सुट्टी काढून आलो होतो, कारण घराच्या जुन्या खिडक्या काढून नव्या बसवायच्या होत्या. आईला दमा होता. चैत्र-वैशाखात आमच्याकडे गरम वारा सुटतो आणि शेतांची धूळ उचलून घरात आणतो. खिडक्यांना जाड फळ्यांची झडपं होती. लावली की अंधार, उघडली की धूळ. आई शिवणकाम करायची, म्हणून ती झडपं उघडी ठेवायची आणि रात्री उशीला टेकून बसून काढायची.

नांदुऱ्याला मामांकडे गेली असताना तिने एका बंगल्याच्या खिडक्या पाहिल्या. बाहेरच्या झडपांना लाकडी तिरप्या पट्ट्या, आतल्या झडपांना काच, आणि दोन्हींच्या मध्ये वीतभर हवा. ऊन पट्ट्यांवर थांबतं, धूळ काचेवर थांबते, उजेड तेवढा आत येतो. परत आल्यावर तिने शिवणाच्या कागदावर नकाशा काढला. माझ्या वडिलांनी, नानांनी, तो उलटसुलट करून पाहिला.

“घराची आगगाडी करून राह्यली काय? उद्या म्हनशीन, छपराले काच लावा.”

“छपराले कवलं पुरतात,” आई म्हणाली. “खिडकीले अक्कल लागते.”

देऊळघाटात अशा खिडक्या त्याआधी नव्हत्या. त्यांचा नकाशा चौथी शिकलेल्या माझ्या आईचा होता, हे इथे नोंदवलं पाहिजे.

काम तिने हुसेन मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी सहाही खिडक्या मोजल्या आणि प्रत्येकीशेजारी भिंतीवर कोळशाने माप लिहिलं. पुढे पैसे जमेपर्यंत दोन वर्षं गेली. दरम्यान हुसेन मिस्त्री वारले. नाना म्हणाले, “आता बुलढान्याचा मिस्त्री आणू. युसूफ खाटीचे पाय बसोते, त्याले हे जमत नाही.” युसूफ हा हुसेन मिस्त्रींचा मुलगा, तिशीतला. आईने ऐकलं नाही. “बापाच्या हाताखाली बारा वर्सं राह्यला तो. त्यालेच देईन.” नांदुऱ्याहून सागवान आलं. ते सहा खिडक्यांपुरतंच होतं. नानांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं की दुसरं लाकूड येणार नाही.

हुसेन मिस्त्री मेहकरहून देऊळघाटला आले ते मी नागपूरला गेल्यानंतर. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाजही कधी ऐकला नव्हता.

त्या दिवशी सकाळी युसूफने वडिलांचं माप भिंतीवरून वाचलं आणि लाकडावर गेरूच्या रेघा मारल्या. मी विचारलं, एकदा खिडकीही मोजून घ्यायची नाही का?

त्याने कानाच्या पाळीला हात लावला. “अब्बांनं मोजलेलं मी पुना मोजू, भाऊ? त्यायच्या मापावर शक घेतल्यासारखं होते ते.”

करवत ओसरीत टेकवून तो दुपारच्या नमाजाला गेला. आल्यावर लाकूड कापायचं होतं. नाना झोपले होते, आई स्वयंपाकघरात होती. मी मधल्या खोलीत लिहीत बसलो असताना तो आवाज आला.

खिडकीखाली युसूफने चाळलेली वाळू पसरून ठेवली होती. तिच्यावर कोंबडीची पावलं होती, माणसाची नव्हती. गल्लीच्या तोंडाशी शेजारचे दोघे निंबाखाली बसले होते. नमाजाला गेलेला युसूफ सोडला तर गेल्या तासाभरात कुणी आत गेलं नाही आणि बाहेरही आलं नाही, असं दोघांनीही सांगितलं.

युसूफ परतल्यावर मी म्हणालो, “तुमच्याकडचं कुणी म्हातारं येऊन गेलं वाटतं. गज आखूड आहे म्हणाले.”

नव्या खिडक्यांच्या लोखंडी सळया, म्हणजे गज, ओसरीत रचून ठेवले होते. युसूफने ते एकमेकांना लावून पाहिले. सगळे सारखे आणि पुरेसे लांब होते.

“गज तं बराबर हायेत. कोन सांगून राह्यलं होतं, भाऊ?”

“दिसले नाहीत. मला ‘सरकार’ म्हणाले. ‘सरकार, गज आखूड हाये. पोराले सांगजा.’ ”

युसूफच्या हातातली सळई खाली पडली. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने मला विचारलं, “सरकार म्हनाले? तुले?”

हुसेन मिस्त्री सगळ्यांना सरकार म्हणत. नानांना, आईला, रांगणाऱ्या पोरांनाही. हे मला त्या क्षणी आईकडून कळलं.

युसूफने अवजारांच्या पेटीतून वडिलांची मापाची काठी काढली. सुताराच्या या काठीलाही गजच म्हणतात. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्या डोक्यात हा दुसरा अर्थ आला नव्हता. युसूफने काठीच्या एका टोकावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या. एका टोकाला पितळी टोपण होतं. दुसऱ्या टोकाला नुसतं लाकूड होतं, हाताळून गुळगुळीत झालेलं.

“माय, तुमचा टेप द्या.”

आईने शिवणाचा टेप आणला. चोवीस इंचांचा गज पावणेचोवीस भरला. भिंतीवरचं माप टोपण असतानाच्या गजाचं होतं आणि लाकडावरच्या रेघा टोपण पडल्यानंतरच्या गजाच्या. दोन गज उंचीच्या खिडकीत अर्ध्या इंचाची फट राहिली असती. सहाही खिडक्यांत.

युसूफ लाकडाशेजारी खाली बसला. “करवत लावली असती तं झालं होतं. माझं नाव तं गेलंच असतं, धुळीनं मायचा सास बी गेला असता.”

“गेला नाही ना?” आई म्हणाली. “मंग ऊठ. गेरू पुसून काढ. आन् रडाचं असन तं लाकडावर नको रडू, ते फुगते.”

तो हसला. मग त्याने टेप घेऊन सगळ्या रेघा नव्याने मारल्या.

टोपण कधी पडलं, हे युसूफला सांगता आलं नाही. ते घरात, अंगणात किंवा त्याच्या पेटीत सापडलं नाही. मला उन्हाने भास झाला असेल, असं नंतर एका डॉक्टर मित्राने सुचवलं. भास झाला असेलही... पण ‘सरकार’ हा शब्द आणि गज आखूड असल्याची माहिती, या दोन्ही गोष्टी मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हत्या. युसूफलाही गजाचं ठाऊक नव्हतं. याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

त्या खिडक्या पाहायला बुलढाण्याहून माणसं आली. नाना त्यांना स्वतः आत नेऊन म्हणत, “आमच्या घरच्या डोक्यानं झाल्या ह्या.” पुढच्या वर्षी युसूफला मेहकरला एका नव्या घराचं सगळं काम मिळालं. कोळशाची मापं होती तेवढी भिंत आईने चुना लावताना सोडायला लावली.

शेवटची खिडकी बसली त्या दुपारी बाहेर वारा सुटला होता. युसूफने आतली झडपं लावली आणि एक पोस्टकार्ड मागून घेऊन चौकटीच्या चारही बाजूंनी फटीत घालून पाहिलं. ते कुठेच गेलं नाही. आई खिडकीपाशी बसली. तिने बंद खिडकीच्या उजेडात सुई धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला.