कोऱ्या कार्डांची गड्डी

पुण्याच्या एका कंपनीने मला फसवलं आणि माझ्या नावाने सैन्याला फसवलं. बाहेरदेशातून आणलेल्या मोटारी माझ्या परभणीच्या कारखान्यात तयार झाल्या असं दाखवून तिने त्या टेहळणीच्या बिनमाणसाच्या विमानांत बसवल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण बोलता बोलता मला राग येतो आणि मुद्दा बाजूला राहतो.

माझा धंदा मोटारी भरण्याचा. विहिरीतली किंवा बोअरमधली मोटार जळाली की आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसायची आणि नवी गुंडाळायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. सुरुवात केली तेव्हा डोक्यावरचा पत्राही भाड्याचा होता. आज स्वतःची जागा आहे आणि आठ बायका तार भरायला येतात. बायकाच का, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर सुरुवातीला त्या कमी मजुरीत यायच्या म्हणून. त्यांचा हात पुरुषांपेक्षा चांगला बसतो हे नंतर कळलं, आणि मग मजुरी वाढवावी लागली.

त्यांच्यातली सगळ्यात जुनी पेडगावहून येते. तिला आम्ही सगळे मावशी म्हणतो. तार भरून झाली की तिची टोकं सुती दोऱ्याने बांधावी लागतात. ती गाठ प्रत्येकीची वेगळी. जळून परत आलेली मोटार उघडली की गाठ पाहूनच कळतं कुणी भरली होती, आणि मग ती बाई त्या दिवशी जरा कमी बोलते.

शेतात औषध फवारणाऱ्या ड्रोनच्या छोट्या मोटारीही आम्ही भरून द्यायला लागलो होतो. ते ऐकून कंपनीचा खरेदी अधिकारी आमच्याकडे आला. तरुण, गोड बोलणारा. त्याने सांगितलं की सैन्याला बर्फाच्या डोंगरांवर उडणारी विमानं घ्यायची आहेत. तिथे हवा विरळ, त्यामुळे पंख्याला जास्त जोर लावावा लागतो, मोटार तापते आणि तिला गार करायलाही हवा पुरत नाही. यंत्राने गुंडाळलेल्या तारेत पोकळी राहते. हाताने दाबून भरलेली तार टिकेल असं त्यांच्या इंजिनिअरचं म्हणणं होतं.

आधी ट्रायल होणार होती. विमान वर नेण्याचा, तिथे राहण्याचा, मोडलं तर दुरुस्तीचा सगळा खर्च कंपनीचा.

"आणि पास झालं तरी घेतो म्हणून कुणी सांगणार न्हाई?" मी विचारलं.

"सैन्याच्या खरेदीत असंच असतं, शेठ."

"मग आमचा बैलबाजार बरा. तिथं बैल चालवून दाखवला की गिऱ्हाईक निदान हो का न्हाई ते तर सांगतं."

मावशी तार ओढता ओढता ऐकत होती. "मालक, एवढं उंच जाऊन बघायचं काय असतं?"

"पलीकडं कोण आलंय ते."

"मग माझ्या जावेला पाठवा. तिला विमान लागत न्हाई."

ट्रायलच्या मोटारी मावशीने आणि तिच्या शेजारी बसणारीने भरल्या. आठवडाभर त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. महिन्याभराने अधिकाऱ्याचा फोन आला. दुसऱ्या कंपनीचं विमान वर जाऊन तापलं आणि बसलं, आमच्या मोटारींचं उडत राहिलं. मी बायकांना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली आणि दर वाढवून मागायचा असं मनाशी ठरवलं.

तो सौदा माझ्या पत्र्याखालीच झाला, आणि माझी चूकही तिथेच झाली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पाथरीचा, पूर्णेचा दुकानदार जळालेल्या मोटारी गोळा करून पाठवतो, आम्ही भरून परत देतो. मोटार शेतकऱ्याच्या विहिरीत कधी उतरेल ते आम्हाला माहीत नसतं, आणि गॅरंटी सुरू होते उतरल्या दिवसापासून. म्हणून आम्ही गॅरंटी कार्डं कोरीच देतो. खाली कारखान्याचा शिक्का आणि माझी सही, वर मोटारीचा नंबर आणि तारीख दुकानदाराने भरायची. दर रविवारी मी चहा घेत घेत कार्डांवर सह्या करत बसायचो. इतक्या वर्षांत एकाही दुकानदाराने दगा दिला नाही, कारण तो दगा कुठे देणार? त्याचं गिऱ्हाईक त्याच्याच गावचं.

अधिकाऱ्याने ती कार्डं टेबलावर पाहिली. "यांतली आम्हालाही लागतील. मोटार कुठे बनली याचा कागद सैन्याला द्यावा लागतो. देशातच बनली असं दिसलं पाहिजे."

"बनवतो तर आमीच. नंबर सांगा, लिवून देतो."

"दर वेळी परभणीला कुठे पाठवत बसू? गड्डीच द्या."

गरज त्याची आहे हे माझ्या लक्षात आलं, आणि माझ्यातला सौदा करणारा जागा झाला. "गड्डी पाहिजे तर तांबं महागलं की दर वाढवून द्यायचा. कागदावर लिवून."

त्याने लगेच मान्य केलं. पहिल्या बोलीलाच. बाजारात कुणी असं केलं असतं तर मी त्याला दोनदा खालीवर पाहिलं असतं. त्या दिवशी मात्र मी खुशीत होतो. पुण्याच्या माणसाला वाकवलं, असं संध्याकाळी घरी सांगितलंसुद्धा.

कंपनीला ऑर्डर मिळाली. आमच्याकडून तिने एक छोटा लॉट नेला आणि मग काहीच नाही. मी फोन केला की, "सध्या थांबलंय, शेठ." दुसरा स्वस्त माणूस मिळाला असेल असं मला वाटलं. धंद्यात ते चालतं. मी दोन-चार शिव्या दिल्या आणि विहिरीच्या मोटारींकडे वळलो.

यंदाच्या उन्हाळ्यात सैन्याच्या एका डेपोतून पार्सल आलं. आत जळालेली मोटार, माझ्या सहीच्या कार्डाची नक्कल आणि पत्र. उडतं विमान मोटार जळून दरीत पडलं, दोन जवानांनी दोरावरून उतरून ते वर आणलं, कारखान्याने महिन्याच्या आत खुलासा द्यावा, नाहीतर पुरवठादारांच्या यादीतून कायमचं काढण्यात येईल. पत्र सरळ माझ्याकडे आलं, कारण कार्डावर पत्ता माझाच छापलेला.

पत्रातल्या त्या दोन जवानांवर मी बराच वेळ अडकलो. यादी, कंपनी हे सगळं नंतर. आमच्या हातची मोटार कुणाला दरीत उतरायला लावते, ही गोष्ट मला झेपेना.

मोटार उघडायला मी मावशीलाच बोलावलं. तिने चष्मा लावला, झाकण काढलं आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

"ही आपली न्हाई."

"नीट बघ."

"बघायलेच की. हिला दोराच न्हाई, मालक. प्लास्टिकच्या पट्टीनं आवळलंय. तार बी मशीनची हाय, बघा किती पोकळ." मग तिने कार्डाची नक्कल उचलली. "सही तुमचीच हाय का पण?"

"माझीच."

"मग आमचा हात न लागता तुमची सही कशी लागली?"

बाकीच्या सातजणींनी काम थांबवलं होतं.

अधिकाऱ्याला फोन लावला तेव्हा मी ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. ते दोन वाक्यं टिकलं. तो शांत होता.

"शेठ, एवढं काय त्यात? सगळ्यात कमी दर आमचा होता म्हणून ऑर्डर मिळाली. त्या दरात हाताने भरलेली मोटार बसत नव्हती, म्हणून बाहेरदेशातून तयार मागवल्या. वायंडिंगमध्ये दोष होता असं लिहून द्या, सुधारलाय म्हणा. पुढचा लॉट तुमच्याकडेच भरायला देतो."

"म्हणजे माझ्या बायकांनी खराब काम केलं असं मीच लिवून देऊ?"

"बायकांचं नाव कुठे येतंय? आणि कार्डं कुणी दिली? मी चोरून नेली का?"

फोन मी भिंतीवर मारला. तो मोडला, त्याचा मला अजून पश्चात्ताप नाही. पण त्याचं शेवटचं वाक्य मोडलं नाही. कार्डं मी दिली होती, आणि फुकट दिली नव्हती, त्याचा मोबदला मागून घेतला होता.

पुढचे काही दिवस मी विचार करत होतो. दोष मान्य केला तर काम मिळणार होतं आणि आठ घरांची चूल पेटती राहणार होती. खरं लिहिलं तर कोऱ्या कागदावर सही करणारा माणूस म्हणून मीच यादीतून जाणार होतो. शिवाय एक गोष्ट मला टोचत होती. तांब्याच्या व्यापाऱ्याचा भाव मी आयुष्यभर पाडत आलो. एकदा त्याने तो इतका सहज पाडला की तार हलकी असणार हे मला कळायला हवं होतं. मी विचारलं नाही, घेतली. सैन्यानेही कमी दर पाहिला आणि घेतला. भाव पाडणाऱ्याची ही खोड मला आतून ठाऊक आहे.

शेवटी मी बायकांनाच विचारलं. मावशी म्हणाली, "काम जाईल तर जाऊ द्या, विहिरी कुठं पळायल्यात? पण जळालेली मोटार आमची म्हणून लिवू नका."

मी खुलासा पाठवला. उघडलेली मोटार, सोबत मावशीने भरलेली एक मोटार, दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासाठी. कार्डं मीच कोरी सही करून दिली, हेही लिहिलं. सह्या करायची रविवारची रीत बंद केली. पाथरीचा दुकानदार त्यावरून रुसला आहे. डेपोने माझं नाव सध्या स्थगित ठेवलं आहे, आणि ते मी समजू शकतो.

पण कंपनी आजही सैन्याला विमानं पुरवते, आणि माझी उरलेली कार्डं तिच्याकडेच आहेत. ती विमानं घेताना सैन्याकडून तपासणीला एक माणूस बसला असेल. ट्रायलमध्ये टिकलेली मोटार त्याच्याकडे नमुना म्हणून असणारच. ती एकदा उघडून नव्या मोटारीच्या शेजारी ठेवली असती तर आमच्या पेडगावच्या बाईला जे चष्मा लावून दिसलं ते त्यालाही दिसलं असतं. माझ्या सहीचा जाब मी लेखी दिला आहे. न उघडता पासचा शिक्का ज्याने मारला, त्याने आता त्या दोन जवानांसमोर उभं राहून आपला जाब द्यावा.