रिकाम्या रानातला ओढा

मंडळी, दुपारपासून घास गिळला नाही, म्हणून इथं लिहायलोय.

मी बोरीजवळच्या एका शाळेत सातवीला भूगोल शिकवतो. आज पोरांना पहिल्यांदाच ऑनलाइन आभासी जगात नेलं. पडद्यावर नुसतं हिरवं रान आणि प्रत्येकाची एक बाहुली. ती चालते, माती खणते, घरं बांधते. पोरं लय खूश होती.

"सगळ्यांनी मिळून आपलं गाव बांधा," मी म्हणालो. "आधी ओढा काढा, म्हणजे कुणाचं घर कुठं ते कळंल."

पोरांनी ओढा खणला. मग मारुतीचं देऊळ आणि त्याभोवती भराभर घरं उठली. प्रणालीची बाहुली मात्र ओढा ओलांडून गेली आणि पलीकडं एकटीच भिंती रचायला लागली. प्रणाली बौद्धवाड्यातली. खऱ्या गावातबी तिचं घर ओढ्यापलीकडंच आहे.

"शाब्बास, बरोबर जागा धरलीस," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

तिनं हात थांबवला. "सर, हितं तर सगळं रान मोकळंच होतं. मग आमी हितंबी वड्याच्या पल्याडच का?"

मी घड्याळाकडं बघून "तास संपला" म्हणालो आणि पडदा बंद केला. तास संपायला बराच वेळ होता.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत मी या पोरांएवढा होतो. ही मोठी माणसं बदलत का नाहीत, म्हणून घरात चिडायचो.

उद्या पुन्हा तोच वर्ग आहे. प्रणालीला काय सांगू? त्या रानात ओढा नव्हताच. तो मी काढायला लावला.