धुतलेल्या सतरा सीड्या

पिपरीला ज्या घरी मी स्वयंपाकाला आणि साफसफाईला जाते, तिथले सर कॉलेजातून रिटायर झालेले आहेत. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण. बहिणीला सगळे आक्का म्हणतात. सरांना नुसतं वाजवलेलं ऐकायचा नाद आहे, तेही बाहेरच्या देशांतलं. एकटं व्हायोलिन, नाही तर एकटी गिटार. सोबत तबला नाही, पेटी नाही. सर एकदा म्हणाले होते, "हे फार जुनं नाही बाई, मागच्या शंभर वर्षांतलं आहे." जुन्या मोठ्या तबकड्यांवरून त्यांनी सीड्या करून घेतल्या होत्या. सतरा. प्रत्येकीवर मार्करनं इंग्रजीत नाव लिहिलेलं आणि एक सोडून सगळ्यांच्या कागदी कव्हरांवर एकेक चित्र चिकटवलेलं.

सकाळी मी पोळ्या लाटायची तेव्हा सर एक सीडी लावायचे आणि तिचं कव्हर प्लेअरला टेकवून उभं ठेवायचे. स्वयंपाकघराच्या दारातून मला ते चित्र दिसायचं. आठ वर्षं मी असं ऐकलं. कोणाजवळ बोलले नाही. चौथी शिकलेल्या बाईनं असल्या वाजवण्याबद्दल काय बोलावं?

मग सरांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन निघालं. सावंगीच्या दवाखान्यात भरती व्हायला निघाले तेव्हा म्हणाले, "घरी आल्यावर दहा दिवस पालथं पडून राहायचं आहे. वाचणं नाही, टीव्ही नाही. माझ्या सीड्या आहेत म्हणून निभेल."

म्हणून मी ठरवलं, सर यायच्या आधी सीड्यांचं कपाट लख्ख करायचं. कोरोनातली सॅनिटायझरची मोठी बाटली उरली होती. ती मी टबात ओतली, सगळ्या सीड्या बशांसारख्या त्यात बुडवल्या आणि गॅसवरची भाजी पाहायला गेले. परत आले तर टब काळपट झालेला. एक सीडी उचलली, दुसरी उचलली. सतराही कोऱ्या, मार्करची नावं धुऊन गेलेली. कव्हरं एकीकडे रिकामी पडली होती, आणि कोणतं कव्हर कोणाचं हे सांगणारं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सर येणार होते.

सीड्या मऊ धडप्यानं पुसून कोरड्या केल्या. बटण कोणतं दाबायचं ते पाहून माहीत होतं, पण हात कधी लावला नव्हता. पहिली सीडी लावली. गिटारची जाड तार एकदाच वाजली आणि थरथरत राहिली. लहानपणी आमच्याकडे गाद्यांचा कापूस पिंजायला पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीची तार अशीच बोलायची. ही वाजायची तेव्हा पुलाचं चित्र उभं असायचं. मी पुलाचं कव्हर उचललं.

तेवढ्यात आक्का आल्या. "काऊन वं, भाऊ दवाखान्यात अन् तू इथं बाजा लावून बसली?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी टबात वाकून पाहिलं.

"धुतल्या? भाजीवाणी?"

"हो, आक्का."

"आता ओळखशील कशा? मले तं सगळ्या सारख्याच लागतात. रहाट कुरकुरून राह्यला जसा."

"मले नाही लागत सारख्या," मी म्हणाले. त्यांना असं उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

आक्कांनी खुर्ची ओढली. "मग लाव. पाहू दे तुहे कान."

एकीत व्हायोलिन वंगण नसलेल्या बैलगाडीसारखं करकरत चढणीला लागतं. ती डोंगराची. एकीत वाजवणारा गिटारच्या लाकडावर बोटांनी ठोकतो. ती बंद दाराची. एकीत आधी तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येतो आणि मग व्हायोलिन शिटीसारखं बारीक होतं. दोन व्हायोलिनच्या मात्र अगदी बहिणी-बहिणी. तीन-तीनदा लावल्या. मग आठवलं, एकीत वाजवणारा सुरू करायच्या आधी नाकानं श्वास ओढतो, घाटावर दम खाल्ल्यासारखा. ती नदीची. दुसरीत श्वास नाही. शेवटी एक सीडी उरली आणि एक कव्हर, बिनचित्राचं. ती सरांनी माझ्यासमोर कधी लावलीच नव्हती.

"झालं?" आक्का म्हणाल्या. "माहं डोकं भनभनून राह्यलं. चहा ठेव."

दुसऱ्या दिवशी सर आले. उशीत तोंड घालून पालथे झोपले आणि म्हणाले, "बाई, पुलाचं चित्र आहे ना, ती लावा."

मी बटण दाबलं. माझी चूक असेल तर आत्ताच कळणार होतं. जाड तार वाजली. सरांची पाठ सैल पडली, आणि मग माझीही.

"सांग आता त्याले," आक्का दारातून म्हणाल्या.

सरांचं तोंड खाली होतं म्हणूनच मला सगळं सांगता आलं असेल.

"सतराही धुतल्या?" सर म्हणाले.

"हो."

"मग ही पुलाची, हे कसं कळलं?"

"आठ वर्षं ऐकते ना, सर."

गिटार वाजत होती. मग त्यांची पाठ हलायला लागली. मी घाबरले, पण ते हसत होते. "आणि मी समजत होतो, तुम्हाला त्रास होतो. म्हणून आवाज कमी ठेवायचो."

नवव्या दिवसापर्यंत बिनचित्राची सोडून सगळ्या वाजल्या. गिटारच्या दोन मी उलटसुलट घातल्या होत्या, तेवढंच चुकलं. सर म्हणाले, "टेबलाच्या खणात मार्कर आहे. मला उठायचं नाही. नावं तुम्हीच लिहा."

"मले इंग्रजी येत नाही, सर."

"मग येतं त्यात लिहा."

मी स्वयंपाकघरात बसून लिहिली. अक्षर मोठं आलं, दोन ठिकाणी कडेबाहेर गेलं.

"वाचा," सर म्हणाले.

मला वाचवेना. आक्का म्हणाल्या, "वाच नं वं. तो काही तुले पाहून नाही राह्यला."

मी वाचलं. पिंजारी. बिनवंगणाची गाडी. दार ठोकणारा. मोहरीवाली. दम खाणारी नदी. कधी न ऐकलेली.

"बरं," सर उशीत म्हणाले, "शेवटची राहू द्या, ती आपण सोबत ऐकू. आत्ता पिंजारी लावा."

मी लावली, कव्हर प्लेअरला टेकवलं आणि कणीक भिजवायला गेले.