त्याच्या वाटणीचं कार्ड

माझ्या कॉम्प्युटरमधला एक पार्ट माझा नाही. मदरबोर्ड बदलला, रॅम बदलली, पॉवर सप्लाय तर यवतमाळच्या विजेनं कितीदा खाल्ला. ग्राफिक्स कार्ड मात्र तेच आहे. आजचा एकही धड गेम त्यावर चालत नाही. ते ज्यानं घेतलं तो माझा मित्र त्याच कार्डापायी कपाशीवर फवारणी करायला गेला आणि त्यातच मेला. त्याच्या पोटात औषध गेलं कसं, याचं एक उत्तर त्याच्या आईनं स्वतःशीच ठरवून टाकलं होतं, आणि ते उत्तर उराशी घेऊन ती जगत होती. मला याचा पत्ता नव्हता.

आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. तो कळंबच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून एसटीनं यायचा. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. आमचं घर यवतमाळात, खाली अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. हंगामात दुकानात मोटारींपेक्षा फवारणीचे बॅटरी पंपच जास्त यायचे, आणि जो तो आपलंच काम आधी करा म्हणून अब्बांचं डोकं खायचा.

गेमिंग कॉम्प्युटर बांधायचं खूळ त्याचं. तयार घ्यायची ऐपत दोघांचीही नव्हती, म्हणून एकेक पार्ट जमवायचा ठरला, आणि तिथून आमची भांडणं सुरू झाली. माझं म्हणणं, आधी चांगला पॉवर सप्लाय. इथे व्होल्टेज कधी येईल, कधी जाईल, भरवसा नाही. सप्लाय स्वस्तातला घेतला तर एक दिवस सगळंच जळेल. तो म्हणायचा, तू वायरमनसारखा विचार करतोस. त्याला आधी कार्ड हवं, कारण त्याला फक्त चित्र दिसायचं. गवत हललं पाहिजे, पाण्यात ढग दिसले पाहिजेत. पडद्यावरच्या गवताचं कौतुक शेतातून आलेल्या माणसाला का असावं, हे मला कधी समजलं नाही.

शेवटी वाटणी झाली. प्रोसेसर मागच्या पिढीतला, वापरलेला. मॉनिटर मामूच्या फोटो स्टुडिओतला, जुना पण रंग चांगले असलेला. लोहाऱ्याला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या ऑफिसचं भंगार निघालं होतं, तिथे कॅबिनेट पाहून आलो. पण पत्र्याच्या खोक्यानं गेम वेगात धावत नाही, म्हणून ते सोडून दिलं. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर, टेबलावर उघडाच मांडायचा ठरला. राहिलं कार्ड. त्या वर्षी कुठे कुठे लोक म्हणे कार्डांवर आभासी चलनाची नाणी खणायला लागले होते आणि वापरलेल्या कार्डांचे भावही भडकले होते. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

“कार्ड माह्या वाटणीचं,” तो म्हणाला. “तू बाकीचं पाह्य.”

आणि तो फवारणीच्या मजुरीला जाऊ लागला. त्या साली कपाशी माणसापेक्षा उंच झाली होती आणि बोंडअळी काही केल्या हटत नव्हती. लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. पाठीवर पंप, हातातली नळी वर करून मारायचं, आणि मारलेलं सगळं आपल्याच तोंडावर उतरायचं. त्याची आई जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्या तोंडाला बांधून द्यायची. बांधावर पोचेपर्यंत तो तुकडा खिशात गेलेला असायचा, कारण त्यात श्वास कोंडायचा.

नागपूरला सीताबर्डीतल्या एका जुन्या मालाच्या दुकानातून त्यानं कार्ड आणलं. टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून, अख्ख्या एसटीभर. रविवारी दुपारी आम्ही सगळं जोडलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. मी सप्लाय तपासायला लागलो. त्यानं कार्ड काढलं, गालात हवा भरली आणि कार्डाच्या सोनेरी दातांवर फुंकलं. आधी एक आखूड फुंकर, मग एक लांब, अगदी श्वास संपेपर्यंत. परत बसवलं तर पडदा उजळला.

आमच्याकडे काही बिघडलं की आधी फुंकतात. रिमोटची बॅटरी असो, मोबाइलचं सिम असो, स्टोव्हची पिन असो, मुकाट फुंकायचं, आणि बहुतेक वेळा ते चालूही होतं. त्यामुळे त्याच्या त्या कौशल्याचं मला काही विशेष वाटलं नाही. तो मात्र खूश होता. म्हणाला, पंपाचं नोजलही असंच असतं, कचरा अडकला की तोंडानं फुंकायचं. तार शोधत कोण बसते? मी नाक मुरडलं. तो हसला आणि माउस हातात घेतला. खरंच गवत हलत होतं. पाण्यात ढगही होते. मी इतकं समाधान कुणाच्या तोंडावर फार वेळा पाहिलेलं नाही.

कार्ड तर आलं होतं, मग तो थांबला का नाही? कारण त्यानं शेतवाल्याला शब्द दिला होता, ते वावर पुरं करून देतो म्हणून. पुढच्या रविवारी आला तो चिडूनच. दुकानदारानं फसवलं म्हणाला. “धुरकट दिसून राह्यलं. कार्ड गेलं वाटते.” मला तर चित्र स्वच्छ दिसत होतं. तरी आम्ही केबल बदलली, रेझोल्यूशन वरखाली केलं, उजेड वाढवला, मामूच्या मॉनिटरला शिव्या घातल्या. त्याचे डोळे लाल होते, पण गेम खेळणाऱ्याचे डोळे लालच असतात. चष्मा लाव म्हातारबा, असं मी म्हटलं. तो डोळे चोळत संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. कार्डाला काहीच झालेलं नव्हतं.

त्यानंतर मी त्याला सरकारी दवाखान्यात पाहिलं. वॉर्डात गावोगावची माणसं होती, सगळी फवारणीवरून आलेली. तो तडफडायचा म्हणून त्याचे हात पलंगाला पट्टीनं बांधले होते. मला त्यानं ओळखलं नाही. दोन दिवसांनी तो गेला. मी इतका भेदरलो होतो की मला रडूही आलं नाही.

कॉम्प्युटर मी विकला नाही. त्यावर आता पत्रिका, फ्लेक्स असली डिझाइनची कामं करतो, त्यावरच पोट भरतं. पण मोठी फाइल उघडली, की कार्डाचा पंखा जोरात फिरतो, आणि तो आवाज हुबेहूब बॅटरी पंपाचा आहे. बारीक, एकसुरी, पाठीमागून येणारा. टेबलावरचं यंत्र पाठीमागून कसं वाजेल? मला माहीत आहे की मागे कुणी नाही. तरी मी वळून पाहतो. दिवाळीनंतर कापसाचं जिनिंग सुरू झालं की गावात रुई उडते, खिडकी लावली तरी आत येते आणि नेमकी त्या पंख्यात जाऊन बसते. साफ करायला मी ब्रश ठेवला आहे. तरी वाकलो की ओठ आपोआप पुढे येतात, फुंकायला. दर वेळी मी ते घट्ट मिटून घेतो.

मागच्या हिवाळ्यात त्याची आई दुकानात मिक्सर घेऊन आली. अब्बांनी तिला वर पाठवलं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि ती म्हणाली, “बाबू, त्यानं घेतलेला तो पार्ट पाहू दे ना मले.”

मी मशीन बंद केलं आणि कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखं दोन्ही हातांत धरलं. उलटंपालटं केलं. आणि एकदम बोलायला लागली. डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं, औषध तोंडावाटे गेलं का म्हणून. तिनं त्याला रोज डब्यात भाकर आणि वांग्याची भाजी दिली होती. वावरात कुठला आलाय साबण. हात न धुताच खाल्ली असणार. चमचा दिला असता, भाताचं काही दिलं असतं, तर हात लागला नसता. तेव्हापासून तिनं घरात वांगं शिजवलं नव्हतं. हे सगळं ती कार्डाकडे पाहून बोलत होती, माझ्याकडे नाही.

मग तिला पंख्यात अडकलेली रुई दिसली. तिनं कार्ड तोंडाजवळ नेलं, गालात हवा भरली आणि फुंकलं. आधी एक आखूड फुंकर, मग एक लांब.

मी तिचा हात धरला. इतका जोरात, की ती दचकली. कार्डावर विषाचा थेंबही नव्हता, मला काय ते माहीत नव्हतं? पण मला तो दिसला होता, तसाच वाकलेला, आणि मी घाबरलो होतो.

“तो पंपाचं नोजल असंच फुंकायचा,” मी म्हणालो. “मले त्यानं सांगितलं होतं.”

कार्ड तिनं हलकेच टेबलावर ठेवलं आणि पदरानं ओठ पुसले.

“मंग डब्यानं नाही गेला तो,” ती म्हणाली.

डॉक्टरला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, कातडीतूनही जातं, श्वासातूनही जातं, कशानं गेलं कोण सांगणार. मी ते तिला सांगितलं नाही. “नाही,” मी म्हणालो. “डब्यानं नाही.”

मिक्सर न्यायला ती पुढच्या बाजाराच्या दिवशी आली, ती डबा घेऊनच. वर येऊन तिनं तो माझ्यासमोर उघडला. भाकर होती आणि वांग्याची भाजी, तेल सुटलेली. मी हात धुवायला उठलो. ती माझ्या मागोमाग आली आणि मोरीच्या दारात उभी राहिली. मी नळ बंद केला तर तिनं साबणाकडे बोट दाखवलं. मी पुन्हा हात धुतले, पार मनगटापर्यंत, नखांच्या आतपर्यंत. तिची नजर माझ्या हातांवरून हलली नाही.

“आता खाय, बाबू,” ती म्हणाली.